नव्या खिडक्यांखालची ओल आणि माझे बुडालेले पैसे

राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. लाजही वाटते. पण मी गप्प बसले तर हीच जोडी, खिडक्या बसवणारा काँट्रॅक्टर आणि त्याचा वॉटरप्रूफिंगवाला, उद्या तुमच्या दारात येईल.

घरातल्या चारपैकी तीन खिडक्या बदलल्या. जुन्या लाकडी होत्या, पावसात फुगायच्या. स्वयंपाकघरातली बरी होती, ती तशीच ठेवली. नव्या सरकत्या खिडक्या दोन दिवसांत बसल्या. पैसे कसे गेले ते नीट सांगते. दर शंभर रुपयांतले ६० आगाऊ, ३० चौकटी घरी उतरल्या त्या दिवशी, १० काम झाल्यावर. म्हणजे पहिला स्क्रू बसायच्या आधी ९० काँट्रॅक्टरच्या खिशात. इथे चुकलंच माझं. पण दोन कोटेशनं घेतली होती, त्याचं आधीचं एक काम जाऊन बघितलं होतं, नाव ओळखीतून आलं होतं. याहून जास्त चौकशी कोण करतं?

पहिल्या जोरदार पावसानंतर तिसऱ्या दिवशी बेडरूमच्या खिडकीखाली रंगाला फुगा आला. बोटाने दाबला तर आतला गिलावा ओल्या पिठासारखा हाताला लागला. आठवड्याभरात तिन्ही खिडक्यांखाली तेच. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून दोन डाग उतरलेले, खाली जमिनीलगत भिंत कोरडी ठणठणीत.

त्याला बोलावलं. म्हणाला, "ताई, खिडक्या एक नंबर बसल्यात. ओल तुमच्या भिंतीतच आहे. आपला एक वॉटरप्रूफिंगवाला आहे, मशीन घेऊन येईल."

आला तो. दोन टोकदार पिना असलेलं छोटं मीटर. भिंतीला टेकवलं की पी पी वाजायचं, लाल दिवा लागायचा. तिन्ही खिडक्यांखाली वाजलं. मीच म्हटलं, स्वयंपाकघरातही बघा. तिथे टेकवलं तर चूप. "तिकडे अजून पोचली नाही, तुम्ही वेळेत बोलावलंत," म्हणाला, आणि मी मान डोलावली.

तो क्षण मला रोज आठवतो. बाहेरची भिंत तीच, विटा त्याच, पाऊस तोच, भिंतीचं वयही तेच. फरक एकच होता, तिथली खिडकी जुनी होती. उत्तर समोर उभं होतं, प्रश्नही मीच विचारला होता, तरी मी त्याच्या हातातल्या डबीकडे बघत राहिले. घराची भिंत सडतेय असं कोणी तोंडावर सांगितलं की माणूस घाबरतो, दुसरं काय.

भिंतीच्या तळाला ओळीने भोकं पाडून केमिकल सोडलं. खिडक्यांच्या शंभर रुपयांवर आणखी ४२, सगळे आगाऊ. हा इलाज जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीचा. ती ओल तळाला जास्त असते, वर जाईल तशी कमी होते, आणि साधारण मीटरभराच्या वर सहसा जात नाही. माझी भिंत नेमकी उलट, वर ओली आणि खाली कोरडी. आणि ते मीटर पाणी मोजत नाही, पिनांमधून वीज किती सहज जाते ते बघतं. भिंतीला खार फुटला असेल तर तेवढ्यानेही वाजतं. कोरड्या भिंतीवर आणि शंकेच्या भिंतीवर, दोन्हीकडे टेकवायला लावा, आणि आकडे स्वतः लिहून घ्या.

पुढच्या पावसात फुगे परत आले. फोन उचलणं बंद.

मग एका जुन्या गवंड्याला बोलावलं. त्याने मगभर पाणी मागितलं आणि खिडकीच्या बाहेरच्या ट्रॅकमध्ये ओतलं. हे पाणी चौकटीच्या खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. बाहेर थेंबही पडला नाही. पाणी थोडा वेळ तुंबलं आणि मग हळूहळू कोपऱ्याच्या सांध्यात जिरायला लागलं. भोकं सिलिकॉनने बुजवलेली. बाहेरून सिलिकॉनची पट्टी नखाने उचलली तर धुळीसकट अख्खी निघून आली. मागे नुसता फोम. फोम फट भरतो, पाणी थांबवत नाही.

सगळ्यात वाईट खिडकीखालची लादी. पूर्वी ती भिंतीच्या बाहेर येत होती, बाहेरच्या बाजूला उतार होता, खालच्या अंगाला थेंब तुटायची खाच होती. जुनी चौकट उपटताना तिचं नाक तोडून भिंतीबरोबर केलेलं. काँट्रॅक्टरला हे दिसलं नसेल? त्याच्याच माणसांनी तोडली.

तक्रारीला गेले तर खिडक्यांची कंपनी म्हणते माल आमचा, बसवणं त्याचं. पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे. तक्रार कार्यालयात तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला फॉर्म चुकीचा, दुसऱ्या खेपेला साहेब नाहीत, तिसऱ्या खेपेला म्हणे तज्ज्ञाचा अहवाल आणा, स्वतःच्या खर्चाने. मी भिंतीचे फोटो पुढे केले, त्या माणसाने वर बघितलंही नाही. "काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही तुमचीच ना?" सही माझीच. सही केल्याशिवाय काँट्रॅक्टर वॉरंटीचं कार्ड देत नव्हता. त्या १० वर्षांच्या कार्डावर बारीक अक्षरात लिहिलंय, सांध्यांतून येणारं पाणी सोडून. मग उरलं काय त्यात? आणि हे ज्यांनी विचारायचं ते मलाच विचारतात!

शेवटचे पैसे द्यायच्या आधी ट्रॅकमध्ये पाणी ओता. पाइपने पाणी मारून बघणार असाल तर खालून सुरू करा, आधी लादीखालची भिंत, मग सांधा, मग बाजू, शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरू केलंत तर पाणी कुठून शिरलं ते कळणारच नाही. घरातल्या दमटपणाची शंका असेल तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवा, दोन दिवस थांबा. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतले, भिंतीच्या बाजूला असतील तर भिंतीतले. आणि ज्याने खिडकी बसवली त्याच्याच माणसाकडून भिंत तपासून घेऊ नका.

दोन खिडक्या काढून, उताराची नवी लादी टाकून परत बसवल्या. तिसरीचं काम पैसे जमले की. तोवर तिथला गिलावा खरवडून उघडा ठेवलाय, गवंडी म्हणालाय पूर्ण वाळल्याशिवाय रंगाचा हात लावायचा नाही.