मराठी साइटसाठी मायएसक्यूएल ८.४: वर्षभर वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

दादरहून मी घरच्या रेसिपींची एक छोटी साइट चालवते, लोक फोनवरून टाइप करून पाठवतात, कोणी वर्डमधून कॉपी करतं, कोणी व्हॉट्सअॅपवरून, त्यामुळे त्यात काय काय चिन्हं येतात ते विचारू नका. हे सगळं साठवणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ८.४ आवृत्तीवर येऊन वर्ष झालं, ५ पैकी ४ देते.

आधीच्या होस्टिंगवर टेबलं जुन्या यूटीएफ८ ची होती (यूटीएफ८ म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) आणि स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीचा डेटा आला की अडवणारी सेटिंग, बंद. गिरगावातल्या एका काकूंनी उकडीच्या मोदकांची रेसिपी पाठवली, उकड मळण्यापर्यंत सगळं नीट आणि तिथे त्यांनी एक हसरी इमोजी टाकलेली, तिच्यापासून पुढचं सगळं गायब! एरर नाही काही नाही. काकूंना वाटलं मीच कापली. खूप वाईट वाटलं मला, शेवटी फोन करून परत लिहून घेतली.

कारण असं की मायएसक्यूएलमध्ये ज्याला नुसतं यूटीएफ८ म्हणतात त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोब्बर ३ बाइटचं, म्हणून मराठी मजकूर वर्षानुवर्षं व्यवस्थित बसतो आणि कोणाला शंकाही येत नाही, पण इमोजीला लागतात ४. चार बाइटवालं यूटीएफ८एमबी४ २०१० मध्येच आलं होतं, पण ते डिफॉल्ट झालं ८.० पासून, म्हणजे २०१८ ला. आता नवीन डेटाबेस बनवला की काही न करता इमोजीसकट सगळं बसतं, आणि स्ट्रिक्ट मोड चालू असला की न बसणारं गुपचूप कापलं न जाता सरळ एरर येते. माझ्यासाठी हे सगळ्यात मोठं.

जुना डेटा आणताना मात्र जपून. काही टेबलं लॅटिन१ (इंग्रजीसारख्या युरोपीय भाषांची जुनी पद्धत) म्हणून नोंदलेली पण आत बाइट खरे यूटीएफ८ चे, अशांना थेट कन्व्हर्ट केलं तर एका मराठी अक्षराची तीन विचित्र अक्षरं होऊन बसतात. कॉलम आधी ब्लॉब (नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करायचा, मग यूटीएफ८एमबी४, आणि त्याआधी बॅकअप घ्यायचाच. जिथे अक्षरांच्या जागी खरोखर प्रश्नचिन्हंच साठली गेलीत तिथे मूळ अक्षर परत येत नाही. आणि टेबल कितीही बरोबर असलं तरी साइट डेटाबेसशी ज्या कनेक्शनने बोलते त्याचा कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) चुकला तर परत तोच गोंधळ, तोही बघा.

‘ऱ्या’ एकाच रूपात आणायचं काम मात्र डेटाबेस करून देत नाही. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं, एक ऱ वापरून आणि एक साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जॉइनर लावून. दिसायला सारखं, आत वेगळं. माझी जुनी स्क्रिप्ट ‘नको ती अदृश्य चिन्हं’ म्हणून तो जॉइनर काढून टाकायची आणि ‘दुसऱ्या’ चं ‘दुसर्या’ व्हायचं, रेसिपीत ‘कढई दुसर्या गॅसवर ठेवा’ वाचून डोळ्यांना त्रास होतो हो. आता साठवण्याआधीच सगळं ऱ वाल्या रूपात आणते.

मजकुरातल्या अवतरणचिन्हांनी डेटाबेसला दिलेली आज्ञा मोडू नये म्हणून प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवायची पद्धत) वापरा, हाताने बॅकस्लॅश लावत बसू नका, आणि एचटीएमएलचं एस्केपिंग (< सारखी चिन्हं कोड न समजता तशीच दिसावीत म्हणून बदलणं) पानावर दाखवताना करा, साठवताना नको, नाहीतर दोनदा होतं.

एक गुण कापला तो नावासाठी. नुसतं यूटीएफ८ लिहिलं तर अजूनही तीन बाइटवालंच मिळतं, जुने ट्युटोरियल बघून शिकणारी मुलं तेच टाइप करतात.

आणि लांब मजकूर असेल तर टेक्स्ट प्रकारच्या कॉलमची मर्यादा ६५,५३५ बाइटची आहे, अक्षरांची नाही, म्हणजे देवनागरीत २१,८४५ चिन्हं. ‘लक्ष्मी’ एवढ्याशा शब्दात ७ चिन्हं, २१ बाइट. दिवाळी फराळाच्या मोठ्या लेखांसाठी मी मिडियमटेक्स्ट हा जास्त मोठा प्रकार घेतलाय.