डीहायड्रेटर घेताय? आधी पंखा कुठे आहे ते बघा

घरच्या झाडाचे प्लम पिकायला लागले की सगळे एकदमच पिकतात. खाऊन, वाटून, जॅम करूनही उरतातच. त्यांच्यासाठी म्हणून मी विजेवरचा डीहायड्रेटर, म्हणजे गरम हवेवर फळं वाळवायचं यंत्र, घेतला. चौकोनी पेटी, पंखा मागच्या भिंतीला, ट्रे समोरून ओढायचे. हे पंख्याचं मुद्दाम सांगतेय. पंखा तळाशी आणि वर गोल ट्रेंची उतरंड, असाही एक प्रकार मिळतो. सफरचंदाच्या चकत्यांना तो ठीक आहे, पण पिकल्या प्लमचा रस ठिबकत ठिबकत थेट पंख्यात उतरतो. शिवाय खालचे ट्रे वाळतात तरी वरचे ओलेच, म्हणजे सारखी अदलाबदल. माझ्या पेटीत ती कटकट नाही. मागच्या रांगेतल्या फाका जरा आधी वाळतात, म्हणून मधून एकदा ट्रे उलट तोंडाने सरकवायचा, एवढंच.

तापमान मात्र डायलच्या आकड्यावर सोडू नका. प्लमला साधारण ५७ अंश सेल्सिअस लागतं. मी आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवून पाहिला, तर डायल सांगत होता त्यापेक्षा बरंच कमी भरलं. आता डायल थोडा पुढेच ठेवते. पण लवकर उरकावं म्हणून सुरुवातीलाच ७०च्या वर नेलं, तर वरचा थर कडक होतो आणि ओल आत कोंडते. बाहेरून सुकलेला दिसणारा असा प्लम पुढे बरणीत बुरशी धरतो.

खरी तक्रार टायमरची. अर्ध्या केलेल्या प्लमला २४ ते ३६ तास सहज लागतात आणि हा टायमर २४ तासांतच संपतो. संध्याकाळी उशिरा लावलं तर दुसऱ्या रात्री आपण झोपेत असताना मशीन बंद! एवढ्या किमतीच्या वस्तूत हे कुणाला सुचू नये?

वेळ वाचवायचा तर बी काढल्यावर फाकेच्या पाठीला अंगठ्याने दाबून ती उलटी करायची, मोज्यासारखी. गर वर येतो, हवा जास्त लागते. बी सहज सुटणाऱ्या जातीत हे पटापट होतं. बी गराला चिकटलेली असेल तर सुरीने कापे काढावे लागतात आणि निम्मा रस हातावर.

झालं की नाही ते गरम असताना कळत नाही, तेव्हा सगळेच मऊ लागतात. एक फाक गार करून फाडायची. कडेला ओलसर थेंब दिसला नाही तर झालं. नंतर बरणी दोन तृतीयांश भरायची, आठवडाभर रोज हलवायची. काचेला आतून दव धरलं तर सगळं परत पेटीत.

जाळ्यांना साखर घट्ट चिकटते, कोमट पाण्यात भिजवल्याशिवाय निघत नाही. म्हणून जाळी ट्रेपासून सुटी होते ना, ते घेण्याआधी स्वतः ओढून बघा.