सिंक ओट्यावरून बसवावं की ओट्याखालून?

जुनं सिंक स्वतःच बदलायला निघालेली मैत्रीण इथेच अडली आहे.

मेहनतीत फरक मोठा आहे. वरून बसणारं सिंक स्वतःच्या काठावर पेलतं. काठाखाली सिलिकॉन, खालून क्लिपा, झालं. ओट्याची खाच थोडी वाकडी असली तरी काठ ती झाकतो. फक्त आधी खाच मोजा, मगच सिंक घ्या.

ओट्याखालच्या सिंकमध्ये ४० लिटर पाणी भरलं, तर ते ४० किलो वजन चिकटवण आणि ब्रॅकेटवर येतं. चिकटवण पक्की होईपर्यंत टेकू हवा, जोडीला माणूसही. खाचेची कड उघडी राहते, म्हणून दगड पॉलिश केलेला हवा. लॅमिनेटच्या ओट्याला हे सिंक लावूच नका. पाणी मुरून आतला बोर्ड फुगतो. खर्चही जास्त.

साफसफाईत मात्र तेच सरस. खरकटं थेट आत लोटता येतं, काठाशी मळ साचत नाही.

टिकाऊपणा पत्र्याच्या जाडीवर ठरतो: १६ गेज हे १८ गेजपेक्षा जाड.

पहिलाच प्रयत्न असेल किंवा ओटा लॅमिनेटचा असेल, तर वरून बसणारं घ्या. ओटा ग्रॅनाइटचा, कड पॉलिश केलेली आणि मदतीला कुणी असेल, तर खालून लावायचं.