तळाशी न बसणारं काजळ : प्लॅटिनम कार्बन शाई

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं आणि खालच्या कपाटातल्या माझ्या टाचणवह्या भिजल्या. मी चिपळूणमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. वह्या गच्चीत वाळवल्या, पानं हाती आली, पण अक्षरं गेली होती. जागोजागी नुसते निळे डाग. त्याच पानांच्या समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा मात्र स्पष्ट वाचता येत होत्या.

याचं कारण वर्गात मीच शिकवते. साधी शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कागद वाळला तरी पुन्हा पाणी लागलं की तो पुन्हा विरघळतो. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट विरघळत नाही, त्याचे कण कागदाच्या तंतूंत अडकून राहतात. म्हणून शाईच्या पेनात चालेल अशी कार्बनची शाई शोधली आणि प्लॅटिनम या जपानी कंपनीची ६० मिलिलिटरची दौत मागवली.

दोन वर्षांहून जास्त काळ रोज वापरते आहे. आल्या आल्या एका जाडसर कागदावर अणुभारांचा तक्ता लिहिला, वाळू दिला आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवला. सकाळी एकही आकडा फुटला नव्हता. वरून हायलायटर फिरवला तरी ओघळ येत नाही. रंग गडद काळा, दिव्याखाली किंचित चमकतो. मला ती चमक आवडते.

पण मला खरं कौतुक आहे ते दौतीच्या तळाचं. कार्बन पाण्यापेक्षा जड. मग तो खाली बसत का नाही? कण इतके बारीक असतात की पाण्याचे रेणू त्यांना सतत ढकलत राहतात. तेवढ्याने भागत नाही, कारण दोन कण भेटले की चिकटतात, मग चार, मग गोळा होऊन बुडतात. त्यांना एकमेकांपासून दूर ठेवावं लागतं, सारख्या विद्युतभाराने किंवा वर एखादा लेप देऊन. आपल्याकडे पोथ्या लिहिणारे काजळात बाभळीचा डिंक घालून तासन्‌तास घोटत, ते याच लेपासाठी. मी वर्गात दरवर्षी करून दाखवते: नुसत्या पाण्यावर काजळ न भिजता तरंगत राहतं, डिंकाच्या पाण्यात खललं की सगळं पाणी काळं होतं आणि तसंच राहतं.

इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये हेच सोन्याबाबत मांडलं. सोनं पाण्याच्या १९ पट जड, तरी त्याचे अतिबारीक कण तरंगत ठेवणारं त्यांच्या बाटल्यांतलं माणकासारखं लाल पाणी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेलं आहे. त्यात मीठ पडलं की लाल रंग निळा होई, कारण मिठातल्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभारित कणांमुळे, सोन्याच्या कणांमधला दुरावा संपतो. आधी थोडं जिलेटिन घातलेलं असेल तर मिठाने काही होत नसे. पुन्हा लेपच.

पुरानंतर विहिरीचं पाणी आठवडाभर गढूळ होतं. मातीचे कण ऋणभारित, एकमेकांना दूर सारणारे. हंड्यात तुरटी फिरवली की तिच्यातल्या ॲल्युमिनियममुळे तो भार मोडतो आणि गाळ खाली बसतो. वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीत खाऱ्या पाण्याला मिळते, तिथेही नदीतला बारीक गाळ असाच गुठळ्या होऊन बसतो. शाई, सोनं, चिखल, सगळीकडे प्रश्न एकच: कण भेटू द्यायचे की नाही.

म्हणून ही शाई घेणाऱ्यांना कळकळीने सांगते. दुसऱ्या शाईत ती मिसळू नका. घट्ट वाटली तरी बोअरिंगच्या पाण्याने पातळ करू नका, त्यातलं कॅल्शियम मिठापेक्षाही घातक. पेन दर दोन-तीन आठवड्यांनी धुवा आणि टोपण घट्ट बसणाराच पेन वापरा. आत वाळलेला कार्बन पाण्याने विरघळत नाही. जो गुण कागदावर हवा, तोच पेनात नको. आधी घेतलेल्या एका स्वस्त काळ्या शाईचा चार महिन्यांत तळाशी जाड थर बसला होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत तिने माझ्या वडिलांचा पेन कायमचा बंद पाडला. त्याचं दुःख अजून आहे. प्लॅटिनमची दौत मी उजेडासमोर तिरकी धरून अनेकदा पाहिली, तळाला थर दिसलेला नाही.

किंमत साध्या शाईच्या कितीतरी पट आहे. विद्यार्थ्यांना रोजच्या लिखाणासाठी मी ती सुचवणार नाही. पण जन्मतारखा, जमिनीचे हिशेब, आजीच्या हातच्या पाककृती, पुन्हा कुणाकडून मिळणार नाही असं काही लिहून ठेवायचं असेल तर जरूर घ्या.

गेलेल्या वह्यांपैकी सेंद्रिय रसायनाची वही मी आठवून पुन्हा लिहून काढली. आता भौतिक रसायनाची सुरू आहे. दौतीत दोन बोटं शाई उरली आहे, दुसरी मागवली आहे.