पाहुण्यांसाठीची खिशातली शब्दपुस्तिका: आषाढ ते रंगपंचमी वापरून झाल्यावर

आमचा नाशिकला पंचवटीत छोटासा होमस्टे आहे. येणाऱ्यांत निम्मे वायनरीवाले, निम्मे त्र्यंबकला जाणारे, अधूनमधून परदेशी पण असतात. त्यांच्यासाठी ही इंग्रजी पुस्तिका घेतली, आपल्याकडचे देवळातले, सणावाराचे, धर्माचे शब्द सोपे करून सांगणारी. खिशात मावते, स्पायरल बाइंडिंग, किंमत अडीचशे. आषाढात घेतली, आता रंगपंचमी पण झाली, म्हणून म्हटलं लिहूया, कारण ऑनलाइन जे रिव्ह्यू आहेत ते सगळे पार्सल फोडल्या फोडल्या लिहिलेले, "कागद छान, डिलिव्हरी वेळेत", त्याचा कोणाला काय उपयोग.

आधी चांगलं सांगते. आरती, तीर्थ, प्रसाद, नवस, ओटी, अभिषेक, सगळं दोन-तीन ओळीत आणि चित्रासकट. चप्पल कुठं काढायची, तीर्थ ओंजळीत कसं घ्यायचं, आरतीचं ताट समोर आलं की नुसतं बघत न बसता हात कसे फिरवायचे, हे पाहुणे वाचून जातात त्यामुळे सकाळी चहा टाकता टाकता मला तीच कॅसेट लावावी लागत नाही. उपवासाचं पान तर एकदम हिट. साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, पण भात नाही आणि कांदा पण नाही, हे वाचून एक बाई खिचडीची दुसरी प्लेट मागत म्हणाली की असा उपवास मला रोज चालेल. आता यावर काय बोलणार.

पण पुस्तिकेची खोड एकच आणि ती पानोपानी दिसते. अख्ख्या देशात एकच देऊळ आहे आणि ते उत्तरेत कुठंतरी आहे असं धरून लिहिलंय. नंदीच्या पानावर ठामपणे छापलंय की प्रत्येक शिवमंदिरात पिंडीसमोर नंदी असतो. आणि आमच्याकडून चालत निघालं की पहिलं कपालेश्वर, जिथं नंदीच नाही! एक जर्मन आजोबा पुस्तिका हातात धरून सगळीकडं शोधून आले, खांबामागं पण बघितलं, शेवटी पायऱ्यांवर बसलेल्या फुलवाल्या मावशींना चित्र दाखवलं. मावशी म्हणाल्या, "न्हाई ओ बाबा, इथं नंदी गुरू है." मग घरी आल्यावर मी त्यांना सगळी कथा सांगितली, शंकराला ब्रह्महत्येचं पाप लागलं होतं, त्यातून सुटायला गोदावरीवरच्या रामकुंडाचा रस्ता नंदीनं दाखवला, म्हणून महादेव म्हणाले तू माझा गुरू, तू माझ्यासमोर बसायचं नाही. आजोबांनी ते पेन्सिलीनं नंदीच्या पानावर लिहून ठेवलं, त्यांचं अक्षर अजून आहे तिथं, आणि खरं सांगू का, अख्ख्या पुस्तिकेत लोक सगळ्यात जास्त तेच पान वाचतात.

प्रदक्षिणेचं तसंच. "देवाला उजवीकडं ठेवून पूर्ण फेरी मारावी" एवढंच दिलंय. अहो पण महादेवाला सोमसूत्री असते ना, अभिषेकाचं पाणी जिथनं बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं. ज्या गावात पावलोपावली महादेव आहेत तिथं हे नसेल तर पाहुणा ओलांडणारच, मग मागनं चार जण ओरडणार आणि तो बिचारा घाबरून सॉरी सॉरी करणार. त्र्यंबकेश्वरला पण पंचाईत, पुस्तिकेत पिंडीचं उभं चित्र आहे, तिथं प्रत्यक्षात खळगा आणि त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश अशी अंगठ्याएवढी तीन लिंगं, ती पण बाहेरून वरच्या आरशात बघायची. तासन् तास रांगेत उभं राहून आलेला माणूस मला विचारतो की पिंडी होती कुठं?

होळीची तर गंमतच झाली. पानावर लिहिलंय होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग. दोघं जण पांढरे कुर्ते घालून धुळवडीला सकाळी सकाळी तयार, आणि नाशकात त्या दिवशी वीरांची मिरवणूक, म्हणजे घराण्यातल्या वीर पूर्वजांच्या नावानं निघते ती! त्यातला मानाचा दाजीबा वीर बघून खूष झाले ते, पण रंग कुठाय म्हणून विचारत राहिले. आमचा रंग पंचमीला. तोही पिचकारीचा नुसता नाही, रहाडीतला, म्हणजे रस्त्याखाली वर्षभर झाकून ठेवलेला पेशवेकाळचा दगडी हौद उघडतात, रंग भरतात आणि लोक त्यात धपाधप उड्या मारतात, शनी चौकात, तिवंधा चौकात गर्दी बघा मग. रहाड हा शब्द पुस्तिकेत नाही. वीर पण नाही. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो, "गंगेवर जाऊन येते" म्हटलं की पाहुणा पुस्तिका उघडून हिमालयात पोचतो, ते पण नाही.

याच्यापेक्षा मला खरी खटकलेली गोष्ट वेगळी आहे. रामकुंडावर काय होतं ते पुस्तिका सांगते, अस्थिविसर्जन म्हणजे काय, पिंड म्हणजे काय, पण तिथं उभं राहिल्यावर आपण काय करायचं ते एका ओळीत पण नाही. दहाव्याला लोक बसलेले असतात, मुंडण चालू असतं, पिंड ठेवून कावळा शिवायची वाट बघत असतात, घरातली बाई हात जोडून म्हणत असते काय राहिलंय ते करू आम्ही, शिव आता. आणि तेवढ्यात कोणीतरी मोबाइल वर काढतो. फोटो काढू नये, लांब उभं राहावं, विचारल्याशिवाय बोलू नये, हे छापायला किती जागा लागली असती? मी शेवटी स्वतः कागदावर लिहून मागच्या पानावर चिकटवलं.

आणि काळाराम मंदिर. "मंदिर" या शब्दाखाली लिहिलंय की मंदिरं सर्वांना खुली असतात. आज असतील, पण याच काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला बाबासाहेबांना सत्याग्रह सुरू करावा लागला आत जाता यावं म्हणून, आणि पुढं कित्येक वर्षं तो चालला. १९३५ ला आपल्याच जिल्ह्यात येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. जातीवर पुस्तिकेत चार वर्णांचा तक्ता आहे, पुरुषसूक्त आहे, आणि हे मात्र नाही. बौद्ध धर्म "भारतात जन्मला आणि पुढे नाहीसा झाला" असं दिलंय, मग पांडवलेण्याला, म्हणजे त्रिरश्मी लेण्यावर, पांढरे कपडे घालून वंदना म्हणणारी माणसं पाहुण्याला दिसतात ती कोण? हे प्रश्न मलाच येतात आणि मी सांगते पण, तक्रार नाही, पण पैसे घेऊन छापणाऱ्यानं एवढं तरी बघावं.

बाकी बारीकसारीक. क्यूआर कोड स्कॅन केला की उच्चार ऐकू येतो, पण "ळ" सगळीकडं "ल" केलाय त्यामुळं ओवाळणीची ओवालनी झालीय, आणि पर्वणीच्या गर्दीत तसंही नेटवर्क जातं. अक्षर बारीक आहे. कव्हरला कुंकू लागलं की जात नाही. प्रकाशकाला दोन वेळा मेल केला, उत्तर आलं नाही.

साडेतीन स्टार देते. नाशिकसाठी घेत असाल तर मागे चार-पाच कोरी पानं स्वतः जोडून घ्या, स्पायरल आहे त्यामुळं झेरॉक्सवाला वीस-पंचवीस रुपयात करून देतो. सिंहस्थाचं पान पण त्यातच टाका, कारण छापलेल्या पानावर सगळं प्रयागचंच आहे. गुरू सिंह राशीत आला की आपला कुंभ, वैष्णव आखाडे रामकुंडावर आणि शैव त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर, एवढं तरी लिहून ठेवा, पाहुणे आत्तापासूनच विचारायला लागलेत.