राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयात दोन दिवस

एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. कुठल्याही ग्रंथालयात गेले की माझा हात आधी कपाटामागच्या भिंतीवर जातो, ओल आहे का बघायला. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारात, राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या ग्रंथालयात जानेवारीत दोन दिवस काम होतं. तिथंही तेच केलं. हात कोरडा!

वाचनाच्या दालनात शिरल्यावर मान आपोआप वर जाते. उंच लाकडी छत, खाली लांब टेबलं आणि रंगीत काचांच्या खिडक्या. दुपारी चारच्या सुमारास माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर निळ्या उजेडाचा एक तुकडा येऊन पडला. मी दोन ओळी लिहीपर्यंत तो समासाकडे सरकला आणि त्याच्या जागी तांबूस रंग आला. लिहिणं थांबवून मी नुसती बघत बसले. समोरचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता, त्याने मान वर केली नाही. हे मला फार आवडलं. इथं वास्तू बघायला येणारे पाहुणे नाहीत, रोजचे वाचणारे आहेत.

१८७८ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत. आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते लंडनहून पाठवले, स्वतः इकडे कधी आले नाहीत. दगड मात्र इथलाच, कुर्ल्याचा पिवळसर. मनोऱ्याला देणगी देणारे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव. टीसीएसच्या निधीतून झालेलं जतनाचं काम २०१५ मध्ये पुरं झालं आणि तीन वर्षांनी हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

पण मला बोलायचंय ते दुरुस्तीबद्दल. जुन्या दगडी भिंतीत चुना असतो. चुन्यातून भिंत श्वास घेते, पावसाळ्यात शिरलेलं पाणी उन्हाळ्यात बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडतं, क्षार फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. रंगीत काचेचंही तसंच. काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर्षानुवर्षं वाकत जातात, मग अख्खी चौकट उतरवून तुकडा न् तुकडा साफ करून परत बसवावा लागतो. या कामाला घाई चालत नाही. ज्यांनी इथं ती केली नाही, त्यांचे मला मनापासून आभार मानायचेत.

हे माझ्या मनाला इतकं लागतं त्याला कारण आहे. आमच्याकडेही दगडी इमारत होती, सागवानी खिडक्यांची. सहा वर्षांपूर्वी तिचं ‘नूतनीकरण’ झालं. सिमेंटचा गिलावा, सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, खाली उतरवलेलं पीओपीचं छत. वारा बंद झाला म्हणून एसी आले, आता त्यांचं बिल भरवत नाही म्हणून ते बंद असतात. तिसऱ्या पावसाळ्यात मराठी विभागाच्या खालच्या दोन फळ्यांवर बुरशी आली. ती पुस्तकं मी गच्चीवर चादरी अंथरून वाळवली. काही वाचली नाहीत.

पर्यावरणपूरक इमारत म्हटलं की लोक सौर पॅनेल दाखवतात. पॅनेल हवंच. पण उंच छत, जाड भिंत आणि उघडणारी खिडकी ही सोय आधीच बांधलेली असते, फक्त ती मोडायची नाही.

मनोऱ्यावर सर्वसामान्यांना जाऊ देत नाहीत, तेव्हा तो ओव्हल मैदानातून बघा, संध्याकाळच्या उन्हात. ग्रंथालयात जाणार असाल तर परवानगीची चौकशी आधी करा आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा.

निघताना एका खिडकीचं चित्र वहीत काढून घेतलं. आमची जुनी सागवानी तावदानं अजून जिन्याखाली पडून आहेत, वाळवी लागलेली नाही. सोमवारी सुताराला घेऊन जाते आहे.