डिजिटल अँगल गेज आणि जुने लाकडी प्रोपेलर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे गेज, म्हणजे पृष्ठभाग किती अंशांनी कललाय ते आकड्यात दाखवणारं छोटं यंत्र, मी पावसाळ्याआधी सुतारकामासाठी घेतलं. आता ते विमानांचे जुने लाकडी पंखे तपासायलाच जास्त लागतं, आणि त्या कामात ते फार मोलाचं ठरलंय.

पंखा कुठला, हे आधी हबवरचे, म्हणजे मधल्या जाड भागावरचे, ठोकलेले आकडे सांगतात. ते वार्निशखाली बुजलेले असतात. टॉर्च हबला टेकवून आडवी धरली की अक्षरं सावलीने उठून दिसतात. ‘पहिल्या महायुद्धातला जर्मन’ म्हणून दाखवलेल्या एका पंख्यावर असंच ‘७२सी४२’ वाचता आलं. ही अमेरिकेतल्या सेन्सेनिच कंपनीची पद्धत: व्यास ७२ इंच, पिच (एका फेरीत पंखा कागदोपत्री जेवढा पुढे जायला हवा ते अंतर) ४२ इंच. कंपनी १९३२ ची, पेन्सिल्व्हेनियातल्या लिटिट्झची. म्हणजे पहिल्या महायुद्धाचा प्रश्नच मिटला.

पण आकडे कुणीही ठोकू शकतं, म्हणून पुढे गेज. पंखा टेबलावर सपाट बाजू वर करून ठेवायचा, हबवर गेज शून्य करायचं, केंद्रापासून २७ इंचांवर खूण करून तिथे पात्याच्या रुंदीवर गेज आडवं ठेवून कोन घ्यायचा. त्यावरून पिच निघते: २ × पाय (π) × त्रिज्या × कोनाचा टॅन. ४२ इंचांसाठी इथे साधारण १४ अंश यायला हवेत, आणि तेवढेच आले. दुसऱ्या पात्यावरही तेच. तो आकडा पाहून खूप आनंद झाला.

सजावटीसाठी नव्याने बनवलेला पंखा इथेच उघडा पडतो. खऱ्या पंख्याचा कोन टोकाकडे कमी होत जातो, नकलेचा बऱ्याचदा मुळापासून टोकापर्यंत सारखाच असतो. पात्याच्या कडेचा पितळी पत्रा आणि रिव्हेट कितीही देखणे असोत.

पातं कुठल्या बाजूला झुकलंय यावरून फिरण्याची दिशाही कळते. टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश प्रशिक्षण विमानाचं जिप्सी मेजर इंजिन वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथ बरीच वर्षं होती, त्यामुळे इथे उलट फिरणारा पंखा दिसला तर मी पहिली शंका ब्रिटिश मालाची घेतो. आणि हबवर ‘गरुडा’ दिसलं तर भारतीय समजू नका, तो कारखाना बर्लिनचा. आकड्यांशेजारी ‘पीएस’ असेल तर ती जर्मन अश्वशक्ती.

गेजच्या तक्रारी दोन. तळाचं चुंबक लाकडावर काय, पितळेवरही धरत नाही. मी स्टीलची छोटी पट्टी पात्यावर आडवी ठेवून गेज तिच्यावर बसवतो. दुसरं, थोडा वेळ हात लावला नाही की ते बंद पडतं आणि शून्य पुन्हा लावावं लागतं. मुळाजवळ पातं गोलसर असल्याने तिथला आकडा धरू नये.

घेणार असाल तर ०.१ अंश दाखवणारंच घ्या. आणि पंखा हाती आला की हबला पॉलिश पेपर लावू नका, कुणाला लावूही देऊ नका. ठसे एकदा घासले गेले की कोन मोजून पिच कळते, बनवणारा कळत नाही.